उसनी जनावरं

आमच्या घरी संध्याकाळी पाच वाजता हजेरी व्हायची. भुईगावातल्या आमच्या वाडीत, घराच्या मागे, जिथे पूर्वी सुकेळी वाळत घालत आणि जिथे उन्हाळ्यात दुपारी अजूनही पिकल्या केळ्यांचा गोडसर, थोडा आंबूस वास जमिनीतून वर यायचा, तिथे एक लांबट शेड होती. तिच्या दारात माझी आत्या वर्गात उभी राहावी तशी ताठ उभी राहायची. डाव्या हातात निळ्या पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक, उजव्या हाताशी पावांची टोपली. ती एकेक नाव वाचायची. ज्याचं नाव असेल त्याने उठून पुढे यायचं, अर्धा पाव घ्यायचा आणि जागेवर जायचं. दुसऱ्याच्या नावाला उठलेल्याला पाव मिळत नसे. एकूण नावं एकोणीस: सोळा कुत्रे, दोन मांजरं आणि एक गाढव. गाढवाला पूर्ण पाव होता.

आत्याचं नाव आग्नेस. अविवाहित, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. निरोपाच्या दिवशी शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि येताना तिने स्वतःहून एक कोरं हजेरीपुस्तक मागून आणलं. त्याचं काय करायचं हे तेव्हा तिलाही माहीत नसावं. पहिलं नाव त्यात काही महिन्यांनी चढलं. त्या वर्षांत पूर्वेला गोखिवऱ्यात, तिकडे विरारला मनवेलपाड्यात सारख्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या. माणसं बैठ्या घरांतून फ्लॅटमध्ये जायची, आणि फ्लॅटमध्ये काय न्यायचं नाही या यादीत कुत्रा वरच्या क्रमांकावर असायचा. अशी कुत्री कुणीतरी रिक्षात घालून आमच्या फाटकापाशी आणून सोडायचं. एक पांढरा पोमेरियन तर स्वतःच्या चादरीसकट आला. गाढव गोखिवऱ्याला एका बांधकामावर विटा वाहत असे. त्याचा मागचा एक पाय अधू झाला, तेव्हा तिथला माणूस त्याला आमच्या फाटकाला बांधून गेला. आत्याने त्याचं नाव मॉनिटर ठेवलं, कारण ते कायम दारात उभं राहून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं याकडे लक्ष ठेवत असे. बाकीच्यांची नावं तिने जुन्या विद्यार्थ्यांवरून ठेवली असा गावात समज होता. आत्या तो नाकारायची. बंडू, पिंट्या आणि फिलू या नावांचे तीन प्रौढ पुरुष मात्र आमच्या वाडीवरून जाताना सायकलचा वेग वाढवत.

बाबा आखातात नोकरीला होते. वर्षातून एकदा महिनाभर यायचे आणि त्या महिन्यात कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत. घर होतं ते आई आणि आत्या यांचं. स्वयंपाकघर आईचं, मागचं अंगण आत्याचं, आणि मधल्या पडवीवर दोघींचा दावा. सकाळी आईच्या हाताखालच्या तांदळाच्या भाकरीचा थप-थप आवाज सुरू झाला की पडवीबाहेर नखांची खरखर सुरू व्हायची. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की सोळाही कुत्री एका सुरात रडायची. आई तेव्हा हातातलं काम ठेवून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणायची, त्यामुळे तो निरोप माझ्या कानात आजही त्या रडण्यासकट आहे. आम्ही घरी जी बोली बोलायचो ती इथे लिहिली तर वसईच्या पुलापलीकडे कुणाला कळणार नाही. म्हणून या प्रकरणातली बोलणी मी, किनाऱ्यावरच्यांची सोडून, सर्वांच्या मराठीत आणली आहेत. त्यात थोडा तिखटपणा कमी झाला आहे, हे आईच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावं.

आदल्या पावसाळ्यात शेडचे वासे वाळवीने खाल्ले आणि अर्धी कौलं खाली आली. एकोणीसच्या एकोणीस घरात आले आणि गणपती होईपर्यंत घरातच राहिले. मॉनिटर पडवीत. फादर घराला आशीर्वाद द्यायला आले तेव्हा आम्ही पडवीत ओळीने उभे होतो. फादरांनी ओळीच्या शेवटपर्यंत पवित्र पाणी शिंपडलं आणि मगच शेवटी कोण उभं आहे ते पाहिलं. आईने हा प्रसंग विसरण्याचा प्रयत्न केला नाही. यंदा मार्च उजाडताच तिने आत्याला सांगून टाकलं.

"ताई, पावसाआधी शेडवर छप्पर आलं तर ठीक. नाही आलं तर कुत्री धरणारी गाडी मी स्वतः बोलावणार. मी गुडघे टेकले तिथे कुत्रा, मी भात वाढला तिथे कुत्रा. यंदा नाही."

त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाली, "बरं, मेरी." वाद घातला असता तर वाट निघाली असती. पण आत्या दिलेला शब्द पाळायची, आणि आईलाही ते माहीत होतं. त्यामुळे त्या "बरं"नंतर दोघीही दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. निबंधाला मला शाळेत बक्षीस मिळालेलं होतं. मुंबईतलं एक प्राणिसेवा मंडळ अशा निवाऱ्यांना पत्र्याचं छप्पर घालून देतं, असं आत्याला कळलं. तिने मला बसवलं. "बाय, तू पत्र लिही. जे आहे ते लिही." मी लिहिलं, आणि आत्याने न वाचता सही केली, कारण मला लिहायला तिनेच शिकवलं होतं. पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. त्यातलं दुसरं वाक्य असं: 'आमच्या निवाऱ्यात आंधळे, लुळे, मरणोन्मुख असे साठ मुके प्राणी उघड्या आभाळाखाली दिवस कंठत आहेत.' पुढे मी जवळजवळ तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. त्या अनुभवाने हे वाक्य तपासायचं तर आंधळा कुणीच नव्हता. लुळे हे गाढवापुरतं खरं होतं. मरणोन्मुख कुणीही नव्हतं. मुके हा शब्द बाराची घंटा ऐकलेल्या माणसाने मान्य केला नसता. आभाळ निम्म्याच शेडवर उघडं होतं. प्राणी हा शब्द बरोबर होता. साठ का, हे मला आजही सांगता येत नाही. एकोणीस हा आकडा मला लहान वाटला, एवढंच आठवतं.

मंडळाचं उत्तर पोस्टकार्डावर आलं आणि ते आईच्या हाती पडलं. अमुक रविवारी साडेतीन वाजता तिघांची समिती येईल, प्राणी प्रत्यक्ष मोजेल आणि दर प्राण्यामागे ठरलेली जागा धरून तेवढ्या मापाचे पत्रे देईल. आपण कळवलेले साठ प्राणी त्या वेळी हजर ठेवावेत.

"साठ?" आई म्हणाली.

"घाईत लिहिलं."

"घाईत माणूस एकोणीसचे वीस लिहितं. साठ?"

आईने कार्ड पुन्हा वाचलं.

"ताईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगूही नकोस. ती लगेच दुसरं पत्र लिहायला लावेल, मंडळ यायचं रद्द करेल, आणि गाडी माझ्या दारात येईल." मग तिने पदराने हात पुसले आणि मला विचारलं, "लग्नात साठ पानं वाढायची आहेत आणि घरात ताटं एकोणीस. काय करतो आपण?"

"उसनी आणतो."

"मग?"

कपाटातून तिने उसनवारीची वही काढली. ही वही गावात आईच्याच घरी असायची. लग्न कुणाचंही असो, कुणाचं तपेलं, कुणाच्या खुर्च्या, कुणाच्या सतरंज्या आल्या ते तिच्यात उतरवलं जाई, आणि प्रत्येक वस्तूला घराच्या नावाची चिकटपट्टी लागे. या उसनवारीचे तीन नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि कुणी मोडतही नसे. वस्तू घासूनपुसून, लखलखीत करून द्यायची, कारण पाहुण्यांपुढे ती आपल्या घराचं नाव घेऊन जाते. वस्तू एकटी पाठवायची नाही, घरातलं माणूस तिच्याबरोबर मदतीला जातं. आणि परत देताना भांडं रिकामं द्यायचं नाही. तळाशी तांदूळ, केळी, लग्नाचं गोडधोड, काहीतरी असलंच पाहिजे, आणि जे येईल ते घेणाऱ्याने मुकाट्याने ठेवून घ्यायचं. आम्ही कुत्री मागायला निघालो तेव्हा हे तिन्ही नियम कुत्र्यांनाही लागू होतील, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

दोन संध्याकाळी आम्ही फिरलो. हे खोटं आहे का, असं एकाही घराने विचारलं नाही. मुंबईचे पाहुणे येणार, आग्नेसबाईंचं अंगण रिकामं दिसता कामा नये, एवढं पुरेसं होतं. प्रश्न आले ते वेगळे. किनाऱ्यावरच्या हिराबाईने विचारलं, "पानी कोनतं ठेवनार? आमचा खंड्या दुसऱ्याच्या घरचं पानी पित नाय." शेवटी तिने पाणी बरोबर आणायचं ठरलं. बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारा कैतान आत्याचा दुसरीतला विद्यार्थी. त्याने अट घातली, "रॉकी येईल. पण पुढच्या रांगेत बसेल." हरेश्वरकाकांकडे कुत्रा नव्हता. "बदकं चालतील?" त्यांनी विचारलं. आईने माझ्याकडून कार्बन प्रत मागवली, बोट फिरवत वाचली आणि म्हणाली, "प्राणी लिहिलंय. चालतील." वहीतली अखेरची नोंद: कुत्रे चोवीस, मांजरं चार, शेळ्या तीन, बदकं दहा. एकूण एक्केचाळीस. घरचे एकोणीस धरून साठ.

समिती साडेतीनला येणार, एवढंच आम्ही आत्याला सांगितलं होतं. त्या रविवारी ती चर्चमध्ये मिसाला गेली आणि तिथूनच महिला मंडळाच्या सभेला. ती नसताना दोन वाजल्यापासून जनावरं यायला लागली. सगळी न्हाऊन आली होती. पावडर लावलेली होती. दोघांच्या गळ्यात रिबिनी होत्या, आणि एका मांजराला बाप्तिस्म्याच्या वेळची लेस. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने आईची चिकटपट्टी बांधली जात होती आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्या घरचं माणूस इस्त्रीच्या कपड्यांत उभं राहत होतं. आईने आमच्या एकोणिसांकडे पाहिलं. "यांच्या शेजारी आपले असे मळके बसवायचे?" ती म्हणाली, आणि ज्या बाईने कधी कुत्र्याला हात लावला नव्हता तिने सोळा कुत्री विहिरीवर अंगाच्या साबणाने घासली. मॉनिटरच्या खुरांना खोबरेल तेल लावलं. चर्चच्या सणाच्या, फेस्ताच्या, उरलेल्या पताका कुणीतरी शेडच्या फुटक्या कौलांवर अशा लावल्या की भोकं दिसेनात. स्वयंपाकघरातून मैद्याचे गोल, गोडसर फुगे तळल्याचा वास येत होता. मदतीची गरज असलेला निवारा कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, पण तो असा नसावा, हे मला तेव्हाही जाणवलं.

तीनला आत्या आली आणि फाटकातच थांबली.

"एवढी माणसं?"

"मदतीला आलीत," आई म्हणाली.

"आणि ही कुत्री?"

"त्यांच्या मागोमाग आली."

आत्या काही वेळ बघत राहिली. मग चष्मा काढून पुसत मला म्हणाली, "मला वाटायचं, गावाला माझा त्रास होतो." तिला खरं सांगायची वेळ ती होती. मी पताका सरळ करायला गेले.

समिती वेळेवर आली. पांढऱ्या सुती साडीतल्या अध्यक्षबाई, मोजपट्टी घेतलेले एक कृश गृहस्थ आणि जनावरांचा तरुण डॉक्टर. गृहस्थांनी रांगांमधून फिरून मोजलं, पुन्हा मोजलं आणि कागदावर खूण केली. "साठ. बरोबर साठ आहेत." डॉक्टरने चार-पाच जणांचे दात पाहिले आणि कुणाचीच तक्रार सापडेना म्हणून तो थोडा खट्टू झाला. अध्यक्षबाईंनी पर्समधून माझं पत्र काढलं.

"यात मरणोन्मुख असा शब्द आहे. ते कोणते?"

पुढच्या रांगेत रॉकी झोपला होता. दुपारच्या जेवणानंतर तो नेहमीच झोपायचा. मोजपट्टीवाल्या गृहस्थांनी हळहळून त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा असावा बिचारा. शेवटची घटका दिसते."

"कुणाची घटका?" मागून कैतान म्हणाला.

"या कुत्र्याची. सोडून दिलेला दिसतोय कुणीतरी."

"सोडून दिलेला? अहो, दुपारी दोन माणसांचा भात खाल्लाय त्याने! झोपलाय तो! तुम्ही जेवून झोपत नाही?"

"कैतान," आई दातांतून म्हणाली.

"नाही, मेरीताई, सांगू द्या. उसनी खुर्ची दिली तरी कुणी मोडकी म्हणत नाही, आणि हे—"

आईने त्याच्या हातात फुग्यांची बशी दिली. अध्यक्षबाईंनी 'उसनी' हा शब्द ऐकला की नाही हे कळलं नाही. तेवढ्यात पाच वाजले, आणि पाहुण्यांना अभिमानाने काही दाखवावं असं आत्याकडे एकच होतं. ती हजेरीपुस्तक आणि टोपली घेऊन दारात उभी राहिली. "तुम्ही यांना नावानिशी बघा," ती म्हणाली.

बंडू आला. पिंट्या आला. फिलू, ठमी, चादरीवाला प्रिन्स, एकेक करून सोळा कुत्री, मग मांजरं, शेवटी मॉनिटर. प्रत्येकाने आपलाच पाव घेतला. इतकी शिस्तशीर हजेरी त्याआधी कधी झाली नव्हती. आत्याने पुस्तक मिटलं. एक्केचाळीस जनावरं तशीच बसून होती.

"आणि बाकीचे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बाकीचे इथले नाहीत," आत्या म्हणाली. तिच्या दृष्टीने ती फक्त उत्तर देत होती.

त्या एका वाक्याने एक्केचाळीस जनावरं बिननावाची ठरली. हे मालकांना सहन होण्यासारखं नव्हतं. हिराबाई पुढे आली आणि "खंड्या! ये, खंड्या! पाव घे!" असं खणखणीत आवाजात ओरडली. खंड्या गेला. लगेच टायगरला टायगरच्या घरच्यांनी हाक मारली, मोतीला मोतीच्या. मग कुणी वाट पाहिली नाही. अंगणातली सगळी माणसं एकाच वेळी आपापल्या जनावराचं नाव घेऊन ओरडत होती, आणि जनावरं, पाव दिसल्यामुळे, प्रत्येक नावाला जात होती. टोपली उलटली. बदकं त्यात शिरली. शेळीने माझ्या पत्राचा पहिला परिच्छेद खाल्ला. मोजपट्टीवाले गृहस्थ गोंधळून पुन्हा मोजायला लागले आणि सत्तरच्या पुढे गेले. मॉनिटर दारात उभं राहून सगळ्यांकडे लक्ष देत होतं. रॉकी एवढं होऊनही उठला नाही, आणि कैतान, चेहरा लाल करून, त्याला उचलून फाटकातून निघून गेला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाय, पत्रात किती लिहिलेस?"

"साठ."

"आहेत किती?"

"एकोणीस."

ती अध्यक्षबाईंकडे वळली. "पत्रावर सही माझी आहे. खोटं माझं आहे. आमच्याकडे एकोणीस आहेत, बाकीचे लोकांचे, उसने."

अध्यक्षबाईंनी उरलेलं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, दमल्यासारख्या दिसल्या. "पंधरा दिवसांत तुमच्या सहीने लिहून पाठवा, तुमच्याकडे रोज किती जनावरं असतात," त्या म्हणाल्या. "खरा आकडा. त्या मापाचे पत्रे येतील. एकाने जास्त नाही, एकाने कमी नाही." दोन फुगे खाऊन समिती गेली.

त्यानंतर आत्याने जे केलं ते मला इतक्या वर्षांनीही पूर्ण उलगडलेलं नाही. तो राग होता, न्याय होता की फक्त रीत होती, हे तिने कधी सांगितलं नाही. तिने आईकडून उसनवारीची वही मागून घेतली, पहिलं घर वाचलं आणि हिराबाईला पुढे बोलावलं. खंड्याची दोरी तिच्या हातात दिली, आणि त्याच दोरीच्या दुसऱ्या टोकाला बंडूला बांधलं.

"हा काय?" हिराबाई म्हणाली.

"आपल्या घरातून उसनं भांडं रिकामं गेलेलं नाही," आत्या म्हणाली.

हिराबाईने दोरी मनगटाला गुंडाळली. भांड्यातून आलेलं परत करता येत नाही, हे तिला माहीत होतं. एकेक घर पुढे आलं. टायगरबरोबर पिंट्या गेला, मोतीबरोबर ठमी. हरेश्वरकाका दहा बदकं घेऊन आले होते. ते नऊ बदकं आणि चादरीसकट एक पोमेरियन घेऊन घरी गेले. दहावं बदक कुठे गेलं याची चौकशी झाली नाही. कैतानचं घर सोडून वहीतल्या पहिल्या अठरा घरांत अठरा जनावरं गेली. ते वहीत चौथं होतं. आत्याने ते वाचलं, कुणी पुढे आलं नाही, आणि तिने त्याच्यासमोर गैरहजर असं लिहिलं. मॉनिटर राहिलं. गाढव कुणी उसनं दिलेलं नव्हतं.

आई पडवीत बसून हे बघत होती. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, तेही गाडी न बोलावता. तरी ती म्हणाली, "ताई, निदान ठमीला ठेवायची." आत्या म्हणाली, "पावसाळा येतोय, मेरी. त्यांना छप्पर मिळालं." मग माझ्याकडे न पाहता, "पत्र उद्या लिही. आकडा, एक."

पत्र दुसऱ्या दिवशी लिहिलं गेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पाच वाजता आत्या सवयीने शेडच्या दारात जाऊन उभी राहिली आणि फाटकातून बंडू आला. त्याच्या मागे खंड्या. मग दुसऱ्या गल्लीतून पिंट्या आणि टायगर, नंतर पोमेरियन, एकटाच, धापा टाकत. अठराच्या अठरा आले, आणि ज्या कुत्र्यांना आदल्या दिवशी इथे पाव मिळतो हे कळलं होतं तीही आली. शेळ्या, बदकं आणि उसनी मांजरं आली नाहीत. हजेरी झाली, पाव संपले, आणि सगळे आपापल्या नव्या-जुन्या घरी परत गेले. तिसऱ्या दिवशी हिराबाई एक डबा घेऊन आली. "आमचा खंड्या दुसऱ्याच्या घरी फुकट खातो असं उद्या कोनी बोललेलं मला नाय चालनार," ती म्हणाली. डब्यात शिळे पाव होते. चौथ्या दिवशी अकरा घरांतून डबे आले. आईने ते वहीत उतरवले आणि परत देताना प्रत्येकात केळी घातली, कारण डबा रिकामा देता येत नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणखी डबे आले. आठवड्यात आमच्याकडे पावांची कमतरता संपली आणि केळ्यांची सुरू झाली. कुत्री पाचला यायची, सहाला जायची, घरात एकही शिरत नसे. आईची अट मोडली जात नव्हती, त्यामुळे ती काही बोलू शकत नव्हती. हजेरीपुस्तकात आत्याने नवी नावं चढवली.

पंधराव्या दिवशी तिने मला पेन्सिल दिली. "पाच वाजता मोज. हजर असेल तोच धर."

मी मोजलं. उसन्या कुत्र्यांपैकी पुस्तकात नसलेला एकच होता, कैतानचा रॉकी. तो आला असता तर त्रेचाळीस झाले असते. कैतान अजून रागात होता. 'शेवटची घटका' हे शब्द बँडमधल्या पोरांनी धरून ठेवले होते आणि मिरवणुकीत त्याला ऐकवत होते.

"त्रेचाळीस लिहू?" मी विचारलं. "उद्यापरवा येईलच तो."

"आज किती आहेत?"

"बेचाळीस."

"मग?"

मी बेचाळीस लिहिलं. जे छापून येतं त्याला आकडा म्हणतात आणि जे मोजलेलं असतं त्यालाही आकडाच म्हणतात. या दोन्हींतला फरक पुढे मला डेस्कवर कुणी शिकवावा लागला नाही.

पत्रे मेच्या अखेरीस आले. बेचाळीस प्राण्यांच्या मापाचे, अध्यक्षबाईंच्या शब्दाप्रमाणे, एकाने जास्त नाही. कारागिराने विहिरीच्या बाजूने बसवत आणले आणि दाराशी येऊन संपवले. दारात मॉनिटरची जागा होती. त्याला एक प्राणी धरलं होतं, म्हणजे एका कुत्र्याएवढं. त्याचं डोकं, मान आणि पुढचे पाय छपराखाली आले. मागचा भाग, अधू पायासकट, बाहेर राहिला. ते आत सरकायला तयार नव्हतं, कारण मग दारावर कोण राहणार. पाऊस सुरू झाल्यावर आत्या रोज त्याच्या पाठीवर आपला जुना रेनकोट टाकायची आणि तो रोज घसरून पडायचा.

मी कैतानकडे गेले. तो ओट्यावर कॉर्नेट पुसत होता आणि रॉकी त्याच्या पायाशी झोपला होता. मी त्याची मनधरणी केली नाही. हिशेब सांगितला: पुस्तकात त्रेचाळीस व्हायला हवे होते, बेचाळीस झाले, एका कुत्र्याएवढा पत्रा कमी आला, आणि तेवढंच गाढव भिजतंय. त्याने ऐकून घेतलं. "आता मी काय करू?" तो म्हणाला, आणि कॉर्नेट पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तो पत्र्याचा एक तुकडा डोक्यावर धरून भर पावसात आला. मागे रॉकी. कुणाशी न बोलता त्याने शिडी लावली, वर चढला आणि खिळे ठोकायला लागला.

"ही मदत नाही," वरूनच त्याने मला सांगितलं. "आमच्या घरचं कुणी आलं नाही म्हणून दुसऱ्याचं ढुंगण भिजलं, हे मला गावातून ऐकायचं नाही."

पाच वाजले. आत्या पुस्तक घेऊन बाहेर आली. तिने नावं वाचली, एकेकाने पाव घेतला, मॉनिटरने पूर्ण पाव घेतला. पावसाचं पाणी आता त्याच्या शेपटीमागे एक वीतभर अंतरावर पडत होतं. शेवटच्या नावानंतर आत्या थांबली, कानामागचं पेन काढलं आणि पुस्तकात एक ओळ लिहिली. ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. ती ओळ पावसाचे थेंब पडून थोडी पसरली आहे.

"त्रेचाळीस," तिने वाचलं. "रॉकी."

रॉकी पुढच्या रांगेत जाऊन झोपला होता. त्याने डोळे उघडले नाहीत. आत्या अर्धा पाव हातात धरून वाट पाहत राहिली. वरचं ठोकणं थांबलं.

"हजर, बाई," छपरावरून कैतान म्हणाला.